घटाचा पाट

“ताई, नुसतं उत्तर सांगा ना! पुस्तकात दोनच ओळी मोकळ्या सोडल्यात आणि तुम्ही किती घोळ घालता!”

रफिक चौथीत होता आणि त्याला सदानकदा घाई. प्रश्न साधाच होता. बी उगवण्यासाठी कशाकशाची गरज असते?

“उत्तर मी सांगणार नाही. तू सांग,” मी म्हटलं.

“पाणी, हवा आणि ऊन. झालं. पुढचा प्रश्न.”

“ऊन कशाला?” मागून सुगंधा म्हणाली. “आमच्या घटाला कुठं ऊन लागतंय? देवघराच्या कोपऱ्यात नुसता अंधार. तरी गहू टरारून वर येतो.”

“रंग कसा असतो त्याचा?”

“पिवळा. आत्या म्हणती, सोन्यासारखा.”

“आणि रानातल्या गव्हाचा?”

सुगंधानं वेणी पुढं ओढली. विचार करायला लागली की वेणीचं टोक तोंडात घालायची तिची सवय. वेणी तोंडात गेली तसं मला बरं वाटलं. या पोरीला शिकवायला मजा यायची.

बार्शीत आमची पिठाची गिरणी होती, गावाबाहेर पडणाऱ्या तुळजापूर रस्त्यावर. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. नोकरीचा पत्ता नव्हता आणि आईनं स्थळं बघायचा सपाटा लावला होता. मला एका जागी बसवायचं नाही. घरात बसले की आई कुणाचा तरी फोटो पुढं करायची, म्हणून मी संध्याकाळी गिरणीच्या ओट्यावर गल्लीतली पोरं गोळा करून त्यांचं विज्ञान घ्यायचे. गिरणीच्या घरघरीत ओरडून बोलावं लागायचं. उत्तर आयतं द्यायचं नाही, ‘करून बघ’ म्हणायचं, हा माझा हट्ट. पोरं मला पाठीमागं करूनबघताई म्हणायची.

“दोन डबे घ्यायचे,” मी सांगितलं. “गहू तोच, माती तीच, पाणी तेवढंच. एक डबा फडताळात ठेवायचा, एक खिडकीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसंच. मग जे काही वेगळं होईल ते त्या एका गोष्टीमुळं झालं म्हणायचं. कळलं का?”

“कळलंऽऽ!”

“कुमुद, ए मास्तरीणबाई!” गिरणीच्या दारातून आवाज आला. “देवीच्या घटावर कसले प्रश्न इचारतीस पोरांना?”

ती गजराआत्या. सुगंधाची आत्या, पण सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायची. तरुणपणी नवरा गेला आणि ती भावाकडं राहायला आली. घरातलं देवीचं सगळं तीच बघायची. नवरात्राचे नऊ दिवस पायांत चप्पल नाही, तोंडात अन्न नाही, आणि तिच्यापुढं ब्र काढायची कुणाची टाप नाही. आता ती उपासाची भगर दळायला घेऊन आली होती आणि माझ्या वडिलांना, अण्णांना, दटावत होती. “आधी गिरणी झाडून घे. गव्हाचा कण दिसला तर पीठ तुझ्या डोक्यावर ओतीन.”

“आत्या, मी नुसतं विचारलं, घटातला गहू पिवळा का?” मी म्हटलं.

“देवीला पिवळा आवडतो म्हणून. लिहा रे पोरांनो, दोन ओळींत बसतंय.”

रफिकनं खरंच लिहायला घेतलं. त्याच्या हातातली पेन्सिल मी काढून घेतली आणि सगळे हसले. सुगंधा हसली नाही. तिच्या तोंडात वेणी होती.

पुढं चार-पाच दिवसांनी तिनं रडत येऊन सांगितलं की खिडकीतला डबा शेळीनं खाल्ला, मातीसकट. “आता फडताळातलाच राहिला. एकट्याचं काय बघू?”

“दुसरा पेर.”

“कवा उगवायचा तो? रफिकचा बोटाएवढा झालाय.” मग डोळे पुसून ती एकदम म्हणाली, “असू दे. मी दुसरं बघते काय ते.”

काय बघतेस, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी मला बघायला कोण तरी माणसं येणार होती आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

पाचव्या माळेला आईनं मला ओढतच सुगंधाच्या घरी घटाच्या दर्शनाला नेलं. सुगंधाचे वडील बळीरामदादा मंडपाचं काम करायचे. पत्र्याच्या दोन खोल्यांचं घर, अंगणात बांबूंचे ढीग, दोरखंडांची वेटोळी, घडी घातलेले पडदे. आतल्या कोपऱ्यात पाटावर पत्रावळ, पत्रावळीत काळी माती, मातीत गहू आणि मधोमध पाण्यानं भरलेला घट. रोज एक माळ वर चढवायची. एकदा घट बसला की दसऱ्यापर्यंत तो हलवायचा नाही, आणि घर मोकळं सोडून कुणी जायचं नाही. आमच्याकडं घट नसायचे, पण एवढं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

“हे बघा, हे बघा,” गजराआत्या आईला दाखवत होती. तिचा चेहरा फुलून आला होता. “सगळा पिवळा, अन् हा एवढा कोपरा हिरवागार. माझ्या जन्मात घटात हिरवं बघितलं न्हाई. यंदा देवी काहीतरी चांगलं करणार बघा.”

मी वाकून बघितलं. खरंच, एका अंगाला गहू हिरवा झाला होता. वर बघितलं तर पत्र्याला गंजून भोक पडलेलं, त्यातून कवडसा येत होता. मी काही बोलणार तेवढ्यात दाराआडून सुगंधानं माझ्याकडं बघून हात हलवला, गप्प राहा म्हणून. तिचे डोळे नुसते चमकत होते. मी हसू दाबलं आणि घटाला नमस्कार केला.

“आता कसा हात जोडला!” गजराआत्या म्हणाली. “बुद्धी आली म्हणायची.”

दुसऱ्याच दिवशी, सहाव्या माळेला, बळीरामदादा चौकातल्या मंडपावरून पडले.

मी ओट्यावर पोरांची वाट बघत होते. पोरं आलीच नाहीत, नुसती माणसं चौकाकडं धावताना दिसली. मीही धावले. पोचले तोवर त्यांना टेम्पोत घालून सोलापूरला नेलं होतं. बरोबर त्यांची बायको शालनवहिनी आणि मंडपावरची दोन माणसं. खाली बांबू पडला होता आणि त्याच्याभोवती लोक उभे राहून एकमेकांना सांगत होते, की एवढा कसबी माणूस, कसा काय पडला?

गल्लीत फोन फक्त आमच्या गिरणीत होता. त्यामुळं सोलापूरचा निरोप आमच्याकडं यायचा आणि तो पोचवायचं काम माझ्याकडं आलं. मी कधी त्या घरी, कधी फोनपाशी. फोन वाजला नाही तर का वाजत नाही म्हणून जीव खालीवर व्हायचा, आणि वाजला की उचलायला हात धजायचा नाही. वहिनी तिकडून एवढंच सांगायच्या, “डोक्याला लागलंय. डोळे उघडत न्हाईत. सुगूला काय सांगू नका.” मग मी घटाच्या घरी जाऊन सांगायचे, “बरं आहे म्हणाले डॉक्टर.” गजराआत्या माझ्या तोंडाकडं बघायची. तिला सगळं कळायचं.

“आत्या, तुम्ही जाऊन या ना सोलापूरला,” मी म्हटलं. “तुमचा भाऊ आहे. मी थांबते सुगंधापाशी.”

“घट बसलेत. घर मोकळं सोडता येत न्हाई.”

“मी आहे ना घरात! मी दिवा बघते, माळ चढवते, तुम्ही सांगाल ते करते.”

“तू?” ती म्हणाली. “तुझा इश्वास हाय का त्याच्यावर? मग नुसतं बसून काय उपेग?”

मला अशी चीड आली म्हणून सांगू! सख्खा भाऊ तिकडं मरणाच्या दारात आणि ही बाई इकडं मातीच्या मडक्याला धरून बसली आहे. मी तोंडावर काही बोलले नाही, पण घरी येऊन आईला ताडताड बोलले. आई म्हणाली, “तू गप्प बस. तिचं तिला ठाऊक.”

आणि सुगंधा? ती जेवायची नाही. आत्यानं ताट पुढं ठेवलं की भूक नाही म्हणायची. आधी सगळ्यांना वाटलं, बापाची आठवण येत असेल. पण ती देवघराच्या खोलीतच जायची नाही. आरतीला हाक मारली तरी अंगणात बांबूंच्या ढिगावर बसून राहायची. तोंडात वेणीही नसायची.

आठव्या माळेला सकाळी फोन आला. डोक्यात रक्त साकळलं आहे, दुपारी ऑपरेशन. मी जाऊन गजराआत्याला सांगितलं. या वेळी खरं सांगितलं, कारण लपवून चालण्यासारखं नव्हतं. तिनं पदर तोंडाला लावला आणि तशीच घटापुढं जाऊन बसली. सुगंधानं ते ऐकलं असावं. ती अंगणातून माझ्याकडं बघत होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दुपारी मला फोनपाशी बसवेना. अण्णांना म्हटलं, फोन आला की हाक मारा, आणि परत सुगंधाच्या घरी गेले. सुगंधा बांबूंवर बसली होती. समोर ताट होतं. भाकरीवर मुंग्या चढल्या होत्या.

“सुगू, दोन घास खा.”

“ताई,” ती म्हणाली, “एक प्रश्न इचारू? नुसतं उत्तर सांगायचं. करून बघ म्हणायचं न्हाई.”

“विचार.”

“बाबा माझ्यामुळं पडले का?”

“वेडी का काय तू? तुझ्यामुळं कसे पडतील?”

तिनं आधी दाराकडं बघितलं. मग माझ्या कानाशी आली. “मी घटाचा पाट सरकवला. कवडसा जरा बाजूला पडत होता ना. शेळीनं माझा डबा खाल्ला, मग मला उन्हातलं कुठं बघायला मिळणार? आत्या न्हाणीत गेली की मी सरकवायची, थोडाच. तिला कळलंच न्हाई. मग हिरवं झालं. अन् लगेच दुसऱ्या दिवशी बाबा...”

“अगं, त्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही.”

“कसा न्हाई? मी एकच गोष्ट बदलली. बाकी सगळं होतं तसंच होतं. बाबा रोजच चढतेत, रोज उतरतेत. कधी पडत न्हाईत. तुम्हीच म्हणालात, एकच गोष्ट बदलायची, मग जे वेगळं होईल ते तिच्यामुळं.”

मी म्हटलं, “बांबू ओला असेल. दोर सैल झाला असेल.”

“बाबा दोर सोता बघतेत. दुसऱ्याला हात लावू देत न्हाईत.”

“मग पाय घसरला असेल.”

“आत्ताच का घसरला?”

“योगायोग असतो सुगू.”

“म्हंजे काय?”

नऊ वर्षांच्या पोरीला योगायोग कसा समजावायचा? कॉलेजात संख्याशास्त्राचा पेपर मी चांगल्या मार्कांनी काढला होता, त्यातलं एक अक्षर त्या घडीला कामाचं नव्हतं. मी काहीबाही बोलत राहिले आणि ती माझ्याकडं बघत राहिली, गणित चुकलेल्या मास्तराकडं पोरं बघतात तशी.

“अजून एक हाय,” ती म्हणाली. “काल मी गुपचूप आत जाऊन पाट परत हुता तिथं सरकवला. म्हणलं, बघू, बाबा बरे होतेत का. तर आज तुम्ही आलात अन् आपरेशन म्हणालात. म्हंजे दोनदा हलवला अन् दोन्ही वेळेला वाईट झालं. आता सांगा. बाबा गेले तर मी मारलं असं होईल ना?”

मी तिला जवळ ओढलं. ती लाकडासारखी ताठ होती. रडतही नव्हती. मला मात्र रडू यायला लागलं. ही पोरगी आयुष्यभर हे उराशी घेऊन फिरणार, आणि जे हत्यार तिनं स्वतःवर चालवलं आहे ते मीच तिच्या हातात दिलेलं. काहीतरी बोलायलाच हवं होतं आणि काही सुचत नव्हतं.

“आत्याला सांगू नका,” ती म्हणाली. “आत्या मला घरात ठिवणार न्हाई.”

आणि मी मान वर केली तर दारात आत्या उभी होती. हातात झेंडूची माळ, अर्धी ओवलेली. कधीची उभी होती कुणास ठाऊक. तिचा चेहरा बघून मला वाटलं, संपलं. आता ही बाई आभाळ डोक्यावर घेणार. मी सुगंधाला मागं सारलं आणि उभी राहिले. मनात ठरवलं, हात उगारला तर तो मी धरायचा.

गजराआत्यानं मागं वळून आत घटाकडं बघितलं. मग पायरीवर बसली आणि माळेत फूल ओवायला लागली. सुई दोनदा फुलाबाहेरूनच गेली.

“कितीसा सरकवलास?” तिनं विचारलं.

सुगंधानं माझ्या मागूनच बोटांनी दाखवलं.

“एवढाच?” गजराआत्या म्हणाली. “मी तर हातभर सरकवते.”

मी तिच्याकडं बघतच राहिले.

“बघतीस काय कुमुद? मागल्या भिंतीला उंदरांचं बीळ हाय. गव्हाच्या वासानं येतेत मुडदे. दर वर्साला मी पाट सरकवते, खाली झाडते, बुजवते, परत सरकवते. कुणाला सांगत न्हाई एवढंच.”

सुगंधा माझ्या मागून हळूच बाहेर आली. “दर वर्साला?”

“दर वर्साला.”

“मागल्या वर्सी बी?”

“मागल्या वर्सी, त्याच्या आदल्या वर्सी, तू पाळण्यात हुतीस तवा बी.”

“मग तवा काय झालं?”

“काय व्हायचंय? तुझा बाप बांबूवर बसून पेढा खात हुता. मीच दिला हुता खालून फेकून.”

सुगंधाच्या कपाळाला आठ्या पडल्या. ती कच्चं काही पटवून घेणाऱ्यांतली नव्हती. “अन् कुणी हलवलाच न्हाई तर?” तिनं विचारलं. “म्हंजे दुसरा डबा. ज्यात काहीच बदललं न्हाई असा.”

गजराआत्यानं माळ मांडीवर ठेवली.

“तो बी बघितलाय मी,” ती म्हणाली. “माझ्या सासरी. नवी नवरी हुते. सासूनं सांगितलं, घटाला तसूभर धक्का लागता कामा नये. मी लागू दिला न्हाई. उंदीर आले तर रात सारी काठी घेऊन जागले. अन् त्याच नवरात्रात तुझे मामा, माझे मालक, इहिरीत उतरले ते वर आले न्हाईत. काय चुकलं हुतं माझं? काहीच न्हाई.”

बोलताना ती सुगंधाकडं बघत नव्हती. अंगणातल्या दोरखंडांकडं बघत होती.

सुगंधाच्या हातात वेणी आली. मग ती वेणी तोंडात गेली. रस्त्यानं एक बैलगाडी गेली, ती पार लांब गेली.

“म्हंजे हलवला तरी काय होत न्हाई,” ती हळूहळू म्हणाली, “अन् न्हाई हलवला तरी व्हायचं ते होतं. म्हंजे घटामुळं न्हाई.”

“मला काय कळतंय त्यातलं? तुझ्या मास्तरणीला इचार.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “एकदम बरोबर उत्तर आहे.”

मग ती रडली. मोठ्यानं, गळा काढून, आत्याच्या मांडीत तोंड खुपसून. फुलं चुरगळली, माळ तुटली, आत्या नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडणं संपल्यावर सुगंधानं नाक ओढत विचारलं, “भाकरीला मुंग्या लागल्यात. दुसरी हाय का?”

ती जेवत होती आणि अण्णांची हाक आली. मी चप्पल न घालताच पळाले. ऑपरेशन झालं होतं. पुढं काय ते उद्या कळेल, एवढंच वहिनी म्हणाल्या. मी परत येऊन सांगितलं तर गजराआत्या घटापुढं बसली होती, पाठ माझ्याकडं. “बरं,” म्हणाली. वळून बघितलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी बळीरामदादांनी डोळे उघडले. पुढं महिनाभर ते दवाखान्यात होते, एक पाय कायमचा अधू झाला, मंडपावर चढणं बंद झालं. पण माणूस हाती लागला. त्या सकाळी घट उठले आणि सुगंधा ओंजळभर तुरे घेऊन आमच्या ओट्यावर आली. एक पिवळा, एक हिरवा असे तिनं माझ्या केसांत खोवले. रफिकच्या कानावर एक ठेवला आणि त्याला ऐकवलं, “लिही आता. बी उगवायला ऊन लागत न्हाई. हिरवं व्हायला लागतं.”

“आधी सांगायचं ना,” रफिक म्हणाला. “मी पेनानं लिहून बसलोय.”

मला वाटलं, संपलं एकदाचं. आणि मनातून गजराआत्याचं फार कौतुक वाटलं. वरून एवढी कडक बाई, पण बघा, दरवर्षी गुपचूप घट हलवते. म्हणजे आपल्यातलीच आहे, असं मला वाटलं. मी खूष होते स्वतःवर.

कोजागिरीला आमच्या रस्त्यानं तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रीघ लागते. लोक अनवाणी जातात. गिरणीपुढं अण्णा दर वर्षी मोठं पातेलं चढवून येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा द्यायचे. त्या संध्याकाळी मी कप भरत होते आणि एक हात पुढं आला. हिरव्या बांगड्या नसलेला, ओळखीचा.

“आत्या? तुम्ही?”

“का? मी जाऊ न्हाई?”

“नवरात्र झालं, उपास झाले. आता परत अनवाणी एवढ्या लांब? तिकडं दादा दवाखान्यात.”

“शालन हाय तिकडं. सुगूला तुझ्या आईपाशी ठिवलंय.” ती ओट्याच्या कडेला बसली. तळव्याला आत्ताच चीर पडली होती, तिच्यावर तिनं पदराचं टोक दाबून धरलं. “माफी मागून येते.”

“कुणाची?”

“देवीची. तिच्यासमोर बसून खोटं बोलले.”

मला आधी कळेचना. कप हातात तसाच राहिला.

“मी घट कधी हलवला न्हाई, कुमुद. जन्मात न्हाई. उंदीर न्हाईत आमच्यात, मांजर हाय.”

“आणि तुमच्या नवऱ्याचं?”

“ते खरं हाय,” ती म्हणाली. “त्यातलं तेवढंच खरं.”

मागून कुणीतरी चहा मागितला. मी दिला. परत वळले तर ती कपात फुंकर मारत होती. मला त्या दुपारची ती पायरी दिसायला लागली. आत घट, तिकडं सोलापुरात टेबलावर भाऊ. ही बाई, जिचा त्या पाटावर सगळा विश्वास. त्याला धक्का लागला म्हणून भाऊ पडला, हे तिनं ऐकलं तेव्हा तिला खोटं वाटलं नसणार. तिला ते खरंच वाटलं असणार.

“आत्या, तुम्हाला भीती नाही वाटली?”

“वाटली की. बळी तिकडं आत नेलेला. म्हणलं, देवी आता आणखी चिडंल, अन् हाय तेवढा बी नेईल. माझ्या एका शब्दावर भाऊ जाईल.” तिनं चहाचा घोट घेतला. “पण पोरगी जेवत नव्हती गं. दोघांतलं एकच हाताशी हुतं माझ्या.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते पुसलंही नाही. घाईघाईनं मनातल्या मनात तिला मडक्याला धरून बसलेली बाई म्हणणारी मी, आणि ही.

“सुगूला सांगू नकोस.”

“नाही सांगणार.”

अजून सांगितलेलं नाही. सुगंधा आता लातूरला असते, तिला दोन मुलं आहेत. आमची आत्या दर वर्षी घट हलवायची, असं ती त्यांना हसत सांगते. आत्याला जाऊनही बरीच वर्षं झाली.

त्या कोजागिरीला तिनं कप ओट्यावर ठेवला आणि उठली नाही. पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग खाली बघतच म्हणाली, “कुमुद, तू शिकलेली हाईस. एक इचारू?”

“विचारा ना.”

“पाट हलल्यानं होतं का गं असं? माणूस पडतो का?”

तिच्या चेहऱ्यावर मी ओट्यावरच्या पोरांचा चेहरा बघितला. तिला कारण नको होतं. दोन डबे नको होते.

“नाही,” मी म्हटलं. “नाही पडत.”

“नक्की?”

“नक्की, आत्या.”

तिनं लांब श्वास सोडला. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठली, पिशवी खांद्याला अडकवली आणि रस्त्यावर उतरली.

“अहो, आता कशाला चाललात?” मी मागून ओरडले. “सांगितलं ना, काही होत नाही म्हणून! फिरा माघारी!”

ती वळली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना बघितलं.

“घटाचं सोड गं,” ती म्हणाली. “खोटं तर बोललेच की.”